लोडरचा टॉर्क कन्व्हर्टर : तेलातील घाण कशी ओळखावी



आजचा विषय जरा वेगळा आहे. बियाणे नाही, खत नाही, कीडही नाही. आज बोलायचे आहे लोडरविषयी. पुढे मोठे बकेट आणि मागे खोदायचा हात असलेले ते पिवळे यंत्र. कोणत्याही कंपनीचे असो, गावात त्याला सरसकट जेसीबीच म्हणतात. शेततळे, विहिरीचा गाळ, बांधबंदिस्ती, पाइपलाइनचा चर, उसाच्या रानातला रस्ता, सगळीकडे आता हेच यंत्र लागते. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा तर याला फुरसत नव्हती. त्यामुळे शेतीला जोडधंदा म्हणून अनेक तरुणांनी जुने लोडर विकत घेतले. कोणी दागिने मोडले, कोणी जमिनीवर कर्ज काढले.

एका गावातल्या दोघा भावांची गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, कारण अशी गोष्ट पुष्कळ गावांत घडलेली आहे. त्यांनी जुना लोडर घेतला. चार महिने काम बरे चालले. मग एक दिवस उतारावर भरलेले बकेट घेऊन यंत्र मागे येईना. इंजिन ओरडतेय, चाक हलत नाही. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवली, जळालेल्या क्लच प्लेटा बदलल्या, नवे तेल भरले. टॉर्क कन्व्हर्टर डिझेलने वरवर धुऊन तसाच परत बसवला. दीड महिन्यात नव्या प्लेटा पुन्हा जळाल्या. खर्च दुप्पट झाला, ऐन उन्हाळ्यातले काम गेले आणि हप्ता मात्र थांबला नाही.

चूक कुठे झाली? मिस्त्री वाईट नव्हता. त्याने गिअरबॉक्स चांगली बांधली होती. पण पहिल्या बिघाडाची घाण कन्व्हर्टरच्या पोटात आणि तेलाच्या कुलरमध्ये शिल्लक राहिली होती. तीच घाण नव्या तेलाबरोबर नव्या प्लेटांत आणि बेअरिंगांत गेली. विहिरीत मेलेले जनावर तसेच ठेवून नुसते पाणी उपसले तर काय होईल? तसेच हे झाले.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय?

आपल्या साध्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्या मध्ये क्लच असतो. पाय दाबला की तो सुटतो. लोडरमध्ये क्षणाक्षणाला पुढे-मागे करावे लागते, मातीच्या ढिगात जोर लावावा लागतो. तिथे साधा क्लच टिकणार नाही. म्हणून क्लचच्या जागी तेलाने भरलेले एक गोल, जाडजूड भांडे बसवलेले असते. तोच टॉर्क कन्व्हर्टर.

घरातले दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंदच राहू द्या. पहिल्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो की नाही? कन्व्हर्टरमध्ये असेच होते, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. एक पाते-चाक इंजिनबरोबर फिरते आणि तेल जोराने फेकते. दुसरे पाते-चाक त्या तेलाच्या माऱ्याने फिरते आणि गिअरबॉक्सला गती देते. दोघांच्या मध्ये तिसरे लहान चाक असते, त्याला स्टेटर म्हणतात. ते परतणाऱ्या तेलाला योग्य दिशेने वळवते, म्हणून ढिगात अडलेल्या यंत्राला इंजिनच्या दुपटीहून अधिक जोर मिळू शकतो. हर्मान फोटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ च्या सुमारास ही कल्पना जहाजांसाठी काढली. आज ती आपल्या बांधावर आली आहे.

एक गोष्ट ध्यानात घ्या. या भांड्यात जोर वाहून नेणारे तेलच आहे. लोखंडाला लोखंड जोडलेले नाही. तेव्हा तेल बिघडले म्हणजे नुसते वंगण बिघडले असे नाही. यंत्राचा एक भागच बिघडला असे समजायचे.

तेलाचा फेरा

आता हे तेल कसे फिरते ते बघू. बहुतेक लोडरमध्ये गिअरबॉक्सच्या चेंबरमधले तेल जाळीतून पंपाकडे जाते. पंपाकडून फिल्टरमध्ये, फिल्टरमधून कन्व्हर्टरमध्ये. कन्व्हर्टरमध्ये ते तापते, म्हणून तिथून कुलरमध्ये जाते. कुलरमधून गार होऊन क्लच प्लेटा आणि बेअरिंगांवर पडते आणि पुन्हा चेंबरमध्ये येते.

तुम्ही म्हणाल, फिल्टर आधी आहे, मग कन्व्हर्टरमध्ये घाण जाते कशी? दोन वाटा आहेत. पहिली वाट, फिल्टर चोंदला की त्याच्या शेजारची लहान झडप उघडते आणि तेल न गाळता पुढे जाते. यंत्र कोरडे पडू नये म्हणून ही सोय केलेली असते. पण अर्थ असा की, वेळेवर न बदललेला फिल्टर असून नसल्यासारखा. दुसरी वाट, कन्व्हर्टरचे स्वतःचे भाग झिजले तर घाण तिथेच तयार होते. आणि कन्व्हर्टरच्या पुढे कुलर आहे, त्याच्या पुढे प्लेटा आहेत. मध्ये दुसरा फिल्टर बहुधा नसतो.

आणखी एक. तुमच्यापैकी ज्यांनी डेअरीत दुधाचे सेपरेटर यंत्र पाहिले असेल त्यांना ठाऊक असेल की, भांडे जोरात फिरले की जड मळ बाहेरच्या कडेला जाऊन चिकटतो. कन्व्हर्टर इंजिनच्या वेगाने फिरतो. त्यातली धातूची भुकटी अशीच कडेला बसते. चेंबरचा बोल्ट काढून तेल सोडले तरी कन्व्हर्टरमधले सगळे तेल उतरत नाही, आणि कडेचा थर तर नाहीच नाही.

घाण कोणकोणती?

पाटाचे पाणी गढूळ आले की आपण समजतो, वर कुठेतरी बांध फुटला. पाण्याच्या रंगावरून कोणाच्या रानातली माती आली तेही सांगतो. काळी, तांबडी, की मुरमाड. तेलाचेही तसेच आहे. घाणीचा रंग आणि जात ओळखली की बिघाड कुठे आहे ते समजते.

पहिली घाण पाण्याची. तेल दुधाळ दिसते. पिवळसर तेल दुधाच्या चहासारखे होते, तांबडे तेल गुलाबी दुधासारखे होते. पाणी जोराच्या फवाऱ्याने यंत्र धुताना ब्रीदरमधून शिरते, डिपस्टिक सैल राहिली तर तिथून शिरते. ज्या यंत्रात तेलाचा कुलर रेडिएटरच्या टाकीत असतो, तिथे कुलर फुटला तर रेडिएटरचे पाणी तेलात येते. ही शेवटची तऱ्हा सर्वांत वाईट. रेडिएटरमधल्या कुलंटमुळे क्लच प्लेटांवरचे अस्तर सुटते.

दुसरी घाण बारीक राखाडी लगद्याची. चुंबकाच्या बोल्टवर पातळ थर येतो, बोटांत चोळला तर गुळगुळीत लागतो. ही नेहमीची झीज. एवढ्याने घाबरू नये.

तिसरी, लोखंडी कपचे, सुया, तुकडे. हे चुंबकाला चिकटतात. गिअरचे दात किंवा बेअरिंग तुटायला लागले आहे.

चौथी, चांदीसारखी चमकणारी भुकटी किंवा पापुद्रे, जे चुंबकाला चिकटत नाहीत. हे ॲल्युमिनियम. कन्व्हर्टरची पाते-चाके पुष्कळ यंत्रांत ॲल्युमिनियमची असतात. अशी चमक दिसली तर पहिला संशय कन्व्हर्टरवरच घ्यावा.

पाचवी, सोनेरी किंवा तांबूस पिवळे कण. हे पितळ किंवा ब्राँझ. बुश, वॉशर, गिअरमधल्या रिंगा यांतून येतात. काही यंत्रांच्या क्लच प्लेटांवरही ब्राँझचा थर असतो.

सहावी, काळी, तंतुमय, कागदासारखी भुगटी आणि सोबत जळका वास. क्लच प्लेटा जळत आहेत.

सातवी, धूळ. तेल बोटांत कचकचते. ब्रीदर फुटलेला आहे, किंवा तेल भरताना उघड्या डब्यातून, मळक्या नरसाळ्यातून भरले आहे.

आठवी, रबराचे तुकडे. सील कडक होऊन तुटते आहे, म्हणजे बहुधा तेल फार तापत आले आहे.

नमुना कसा घ्यावा?

आधी सुरक्षितता. यंत्र सपाट जागी उभे करा. बकेट आणि मागचा हात जमिनीवर टेका. ब्रेक लावा, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला. वर उचललेल्या बकेटखाली कोणीही, घडीभरसुद्धा, जाऊ नये. तेल गरम असते, हात भाजतो. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावा.

नमुना यंत्र काम करून आल्यावर घ्यावा. थंड तेलात घाण तळाशी बसलेली असते, तेव्हा नुसते वरचे स्वच्छ तेल दिसते. डिपस्टिकच्या नळीत स्वच्छ पातळ नळी घालून पिचकारीने मधल्या थरातले तेल ओढा. धुतलेल्या आणि कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरा. बाटली ओली असेल तर पाणी तेलातले की बाटलीतले, हेच कळणार नाही.

घरच्या घरी पाच परीक्षा

एक, नजर आणि वास. बाटली उजेडात धरा. चांगले तेल पारदर्शक दिसते. जळका, आंबूस वास आला तर तेल तापून गेले आहे. सोबत त्याच जातीच्या नव्या तेलाची बाटली ठेवा. फरक लगेच कळतो.

दोन, बाटली रात्रभर ठेवणे. तेल धुरकट दिसले तर लगेच पाणी आहे असे म्हणू नका. तेलात हवा मिसळली तरी ते धुरकट दिसते. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर तेल घुसळून फेस येतो. हवा तासा-दोन तासांत वर निघून जाते आणि तेल स्वच्छ होते. पाण्याचा धुरकटपणा मात्र राहतो, किंवा सकाळी तळाशी पाणी साठलेले दिसते.

तीन, तव्याची परीक्षा. जुना लोखंडी तवा मंद आचेवर तापवा. तो एवढा तापावा की पाण्याचा थेंब पडताच नाचून उडून जाईल. मग तवा विस्तवावरून खाली घ्या आणि वर तेलाचा एकच लहान थेंब टाका. स्वच्छ तेल शांतपणे पसरते, थोडा धूर येतो. तडतडले, बुडबुडे उडाले तर तेलात पाणी आहे. हजार भागांत एखादा भाग पाणी असले तरी तडतड ऐकू येते. ही परीक्षा घराबाहेर, डिझेल-पेट्रोलपासून दूर करावी. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

चार, पांढऱ्या कागदाची परीक्षा. टीपकागदावर एक थेंब टाका आणि तासभर सपाट ठेवा. तेल पसरते, घाण मध्ये राहते. मधला डाग काळा आणि कडक कडेचा असेल तर तेल जळके व मळके आहे. डागात चमक दिसली तर उन्हात भिंग धरून पाहा.

पाच, चुंबकाची परीक्षा, आणि हीच खरी. तिच्यासाठी फिल्टर उघडावा लागतो.

फिल्टर उघडून पाहणे

फिल्टर बदलला की जुना फेकून देतात. बंधूंनो, ही मोठी चूक. जुना फिल्टर म्हणजे यंत्राची कुंडलीच. पाचशे तासांत तेलात काय काय आले ते सगळे त्यात साठलेले असते.

फिल्टरचे पत्र्याचे भांडे हॅकसॉने कापू नका. हॅकसॉचा लोखंडी भुसा आत पडेल आणि यंत्रावर नाहक आळ येईल. फिल्टर कापण्याचे चाकाचे कटर मिळते, त्याने कडेने गोल कापा. आतला घडीचा कागद धारदार सुरीने सोडवा. पट्ट्या करून स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिळा आणि पांढऱ्या कापडावर उन्हात पसरा. घड्या उघडून एकेक पाहा.

मग त्या पट्ट्या स्टीलच्या स्वच्छ पातेल्यात थोड्या डिझेलमध्ये खळखळून धुवा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पातेल्यात फिरवा. जे चिकटले ते लोखंड. पिशवी उलटी केली की सगळे कण हातात येतात, चुंबक पुसत बसावे लागत नाही. पातेल्यात जे उरले ते पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळा. चांदीसारखे उरले तर ॲल्युमिनियम, पिवळे उरले तर ब्राँझ, काळे तंतू उरले तर प्लेटा.

एक सावधगिरी. उघड्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपर्यंतचा कण दिसतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. पण बेअरिंग आणि झडपांना झिजवणारे कण ५ ते १५ मायक्रॉनचेही असतात. म्हणजे डोळ्याला काही दिसले नाही म्हणून सगळे ठीक, असे ठरत नाही. कन्व्हर्टरचे तापमान चढत असेल किंवा यंत्र जोर धरत नसेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. तिथे लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे किती, आणि सिलिकॉन म्हणजे धूळ किती, हे मोजून मिळते. गिअरबॉक्स उघडण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

काय दिसले तर काय करावे?

पातळ राखाडी लगदा असेल तर वहीत तासांची नोंद करा आणि काम चालू ठेवा.

पाणी असेल तर यंत्र थांबवा. आधी पाणी कुठून आले ते शोधा, मगच तेल बदला. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसला तर कुलर फुटला समजा. एकदा तेल बदलून पाणी सगळे जात नाही, कारण कन्व्हर्टरमध्ये जुने तेल राहते. तेल भरा, थोडा वेळ चालवा, पुन्हा सोडा, पुन्हा भरा. फिल्टरही प्रत्येक वेळी नवा घाला. कुलंट शिरले असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही, प्लेटा उघडून पाहाव्याच लागतात.

काळे तंतू आणि जळका वास असेल तर क्लचच्या तेलाचा दाब मोजून घ्या. दाब कमी असेल तर प्लेटा घसरतात आणि जळतात. नुसत्या प्लेटा बदलून उपयोग नाही, दाब का कमी ते शोधले पाहिजे.

चांदीसारखे पापुद्रे किंवा लोखंडी सुया-कपचे असतील तर एक तासही पुढे चालवू नका. "हे एवढे शेततळे पूर्ण करून घेऊ" असे म्हणण्याचा मोह होतो. त्या एका शेततळ्याच्या पैशात कन्व्हर्टर येत नाही.

कन्व्हर्टर उतरवल्यावर

गिअरबॉक्स उतरवली की कन्व्हर्टर समोर दिसतो. तिथे मिस्त्रीजवळ स्वतः उभे राहा आणि या गोष्टी पाहून घ्या.

कन्व्हर्टर आडवा करून मधल्या तोंडातून तेल पांढऱ्या कापडावर सोडा. नुसते पहिले तेल नाही, हलवून हलवून शेवटचे तेलही पाहा. घाण शेवटी येते. बॅटरीचा उजेड आत टाका. कानाजवळ धरून हलवा, किंवा जड असेल तर दोघांनी हलवा. आत काही खुळखुळले तर पाते किंवा वॉशर तुटले आहे.

बाहेर निघालेली नळीसारखी मान पाहा. तिच्यावर सील बसते. तिच्यावर खोल चरे आहेत का? ती निळसर झाली आहे का? पोलाद तापून गेले की निळसर होते.

आत बोट घालून स्टेटरचे दाते फिरवा. ते एका बाजूला सहज फिरले पाहिजेत आणि दुसऱ्या बाजूला अडले पाहिजेत. दोन्ही बाजूंना फिरत असतील किंवा दोन्हीकडे अडत असतील तर आतला एकमार्गी क्लच गेला.

आता खरा प्रश्न. धुऊन वापरायचा की बदलायचा? पुष्कळ लोडरचा कन्व्हर्टर वेल्डिंग करून बंद केलेला असतो. तो उघडत नाही. तेलात धातू सापडला असेल तर असा कन्व्हर्टर डिझेलने विसळून परत बसवू नये. पात्यांच्या सांध्यांत अडकलेले कण विसळून निघत नाहीत, आणि यंत्र तापले की सुटतात. नवा घ्यावा, किंवा कापून, स्वच्छ करून, समतोल साधून पुन्हा वेल्ड करणाऱ्या जाणत्या कारखान्यातून करून घ्यावा. ज्याचा कन्व्हर्टर बोल्टने जोडलेला आहे त्याने तो उघडून प्रत्येक चाक धुऊन तपासावे. नुसते पाणी शिरले असेल आणि धातू नसेल, तर कन्व्हर्टर वाचू शकतो.

कुलर आणि त्याचे पाइप विसरू नका. कुलरमधून तेल नेहमी ज्या दिशेने जाते त्याच्या उलट दिशेने धुवा, म्हणजे अडकलेले कण आल्या वाटेने परत निघतात. पांढऱ्या फडक्यावर स्वच्छ तेल पडेपर्यंत धुवा. लोखंडी कपचे निघत राहिले तर कुलर बदला. चेंबरची जाळीही काढून धुवा.

परत बसवताना कन्व्हर्टरमध्ये आधी नवे तेल भरा. तो पंपाच्या खाचेत पूर्ण बसला पाहिजे. अर्धवट बसलेला असताना बोल्ट ओढून घट्ट केले तर पंप तुटतो. तेल पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचेच घाला. दुकानदार सांगेल ते नको, शेजाऱ्याच्या यंत्रात आहे तेही नको. पातळी इंजिन चालू ठेवून पाहायची की बंद करून, हे प्रत्येक यंत्राचे वेगळे असते, तेही पुस्तिकेतच बघा. पहिल्या ५० तासांनी फिल्टर पुन्हा बदला आणि पुन्हा उघडून पाहा. तो स्वच्छ निघाला की मगच सुटकेचा श्वास घ्या.

जुना लोडर विकत घेताना

आता घेणाऱ्यांसाठी चार शब्द. आपण बैल घेताना दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. मग लाखांचे यंत्र नुसता रंग बघून कसे घ्यायचे?

सौदा ठरण्याआधी यंत्र तासभर कामावर चालवायला सांगा. थंड असताना चांगले ओढते आणि तापल्यावर सुस्तावते, तर आत झीज आहे. कन्व्हर्टरच्या तापमानाचा काटा पाहा. तेलाचे तापमान साधारण ८० ते ९५ अंशांत असावे. काटा तांबड्याकडे जात असेल तर सावध व्हा. पुढून मागे गिअर टाकल्यावर यंत्र थबकते का, धक्का देते का, तेही पाहा.

तेल अगदी नवेकोरे दिसले तर खूश होऊ नका. विकण्याच्या आदल्या दिवशी तेल बदलले की सगळ्या खुणा पुसल्या जातात. पण फिल्टर बहुधा जुनाच राहतो. विकणाऱ्याला म्हणा, "नवा फिल्टर माझ्या पैशाने घालतो, जुना मला कापून पाहू द्या." तो तयार झाला तर चांगला माणूस. तयार झाला नाही तर तेच त्याचे उत्तर समजा आणि घरी या.

ट्रॅक्टरवाल्यांनाही उपयोग

आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नसतो. पण गिअर आणि हायड्रोलिक यांचे तेल बहुधा एकच असते. भाताची चिखलणी करताना मागच्या चाकाचे सील खराब असेल तर पाणी आत शिरते. लिफ्ट हळू उचलते, थरथरते. तिथेही बाटली, तवा, कागद आणि चुंबक या परीक्षा तशाच लागू पडतात. चिखलणी संपली की एकदा तेल जरूर तपासा.

शेवटचे

काढलेले तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. ज्या पाण्यावर आपण आणि आपली जनावरे जगतात तेच नासते. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून परवानाधारक खरेदीदारालाच द्यावे.

त्या दोघा भावांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. दुसऱ्या वेळी त्यांनी कन्व्हर्टर बदलला, कुलर उलटा धुतला आणि एक वही केली. त्या वहीत तारीख, यंत्राचे तास, तेलाचा रंग आणि फिल्टरमध्ये काय सापडले ते धाकटा भाऊ लिहितो. प्रत्येक फिल्टरची एक पट्टी वाळवून त्याच पानाला टाचतो. कर्ज अजून आहे. पण यंत्र अडण्याआधी त्यांना कळते, अडल्यावर नाही.

तुमच्या घरी लोडर असेल तर आज संध्याकाळीच डिपस्टिक काढून पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. सुरुवात तिथून होते.



थोडक्यात लक्षात ठेवा

१. नमुना गरम तेलाचा, मधल्या थरातला, कोरड्या बाटलीत घ्या.

२. दुधाळ तेल म्हणजे पाणी. वाट शोधल्याशिवाय नुसते तेल बदलू नका.

३. चुंबकाला चिकटणारे ते लोखंड. न चिकटणारी चांदीसारखी चमक म्हणजे कन्व्हर्टरवर संशय.

४. जुना फिल्टर फेकू नका, कापून पाहा. हॅकसॉ वापरू नका.

५. धातू सापडल्यावर बंद कन्व्हर्टर विसळून परत बसवू नका. कुलर उलट दिशेने धुवा.

६. फिल्टर बहुतेक यंत्रांत ५०० तासांनी आणि तेल १००० तासांनी बदलतात. आपल्या यंत्राची पुस्तिका काय सांगते तेच अंतिम.

७. वही ठेवा.